सिकलसेल वाहकाने धावायचे की नाही?

सेनेगलमधील डकार येथे ३१ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२६ या काळात युवा ऑलिम्पिक ठरले आहे. आफ्रिका खंडातील ही पहिलीच ऑलिम्पिक स्पर्धा. सतरा वर्षांपर्यंतचे सुमारे २,७०० खेळाडू तिथे उतरतील. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलावाच्या परिसरातून डकार फार लांब आहे; पण एका बाबतीत दोन्ही भाग जवळचे आहेत. दोन्हीकडे सिकलसेल आहे. या आजाराच्या जनुकीय प्रकारांपैकी एकाला शास्त्रज्ञांनी सेनेगलचेच नाव दिले आहे, तर आपल्याकडे आढळतो तो अरब-भारतीय प्रकार.

पूर्व विदर्भातल्या घरांत हा शब्द नवा नाही. आदिवासी समाजात प्रमाण जास्त, पण आजार त्यांच्यापुरता मर्यादित नाही. शाळेत तपासणी होते, मुलाच्या हातात कार्ड येते, त्यावर ‘एएस’ लिहिलेले असते आणि घरी पहिला निर्णय होतो तो खेळ बंद करण्याचा. कबड्डी नको, धावणे नको, पुढे पोलीस भरतीचेही नाव नको. हा निर्णय बहुतेक वेळा चुकीचा असतो.

‘एसएस’ म्हणजे आई आणि वडील दोघांकडून दोष आलेला रुग्ण. त्याने किती श्रम करायचे हे डॉक्टरच ठरवतील. ‘एएस’ म्हणजे वाहक. त्याला दोष एकाकडूनच मिळालेला असतो आणि त्याच्या रक्तातले निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन चांगले असते. एरवी त्याला काही त्रास जाणवत नाही. उलट लहानपणी गंभीर मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यानपिढ्या टिकला, तो त्यामुळेच.

मग भीती कशाची? ती पूर्ण खोटी नाही. जीव तोडून धावताना स्नायूंतला ऑक्सिजन घटतो, आम्लता वाढते, शरीर तापते आणि घामावाटे पाणी जाते. या चारही गोष्टी एकत्र आल्या की दोषयुक्त हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि गोल, लवचिक लाल पेशी धान कापायच्या विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रक्त न मिळालेला स्नायू मरू लागतो. त्यातून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडावर आणि हृदयावर ताण आणतात. शिवाय अनेक वाहकांचे मूत्रपिंड लघवी पुरेशी घट्ट करू शकत नाही, म्हणजे पाणी इतरांपेक्षा लवकर कमी होते.

हा धोका मोजला तो अमेरिकी लष्कराने. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रशिक्षणातल्या कृष्णवर्णीय सैनिकांमध्ये कारण न सापडलेल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण वाहकांत सुमारे २८ पट आढळले. एवढा आकडा वाचून कोणीही आपल्या पोराला घरात बसवेल. पण २०१६ मध्ये जवळपास ४८ हजार सैनिकांचा अभ्यास झाला, तेव्हा वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त आढळले नाहीत. श्रमामुळे स्नायू मोडण्याचा धोका मात्र ५४ टक्के अधिक होता. मधल्या काळात रक्त बदलले नव्हते, प्रशिक्षण बदलले होते. पाणी, विश्रांती, उन्हाची वेळ आणि हळूहळू वाढवलेला सराव हे नियम लष्कराने सर्वांनाच लावले होते.

आपल्याकडे नेमके याच्या उलट चालते. भरतीची जाहिरात निघाली की महिनोन्‌महिने न धावलेला मुलगा पहिल्याच दिवशी १,६०० मीटर घड्याळ लावून धावतो, तेही अनेकदा विदर्भाच्या उन्हाळ्यात. वाहकासाठी सर्वांत वाईट सुरुवात हीच. पहिले दोन-तीन आठवडे वेळ मोजूच नये, दोन धावांमध्ये दम पूर्ण परत येऊ द्यावा, सराव पहाटे करावा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. अंगात ताप असेल किंवा जुलाब होत असतील त्या दिवशी मैदानावर जाऊच नये. उंच पहाडी भागातल्या शिबिरात पहिले काही दिवस आणखी सांभाळावे.

प्रशिक्षकांनी एक फरक ओळखायला हवा. साध्या पेटक्यात स्नायू आवळून गोळा येतो, खेळाडू ओरडतो. सिकलसेलच्या त्रासात स्नायू दिसायला ठीक असतो, पण पायांतली ताकदच जाते आणि खेळाडू खाली बसतो. बहुधा शुद्धीवर असतो, बोलतही असतो. त्याला ‘नाटक करू नको, उठ’ म्हणून पुन्हा पळवणे जिवावर बेतू शकते. थांबवा, सावलीत न्या, उपलब्ध असेल तर ऑक्सिजन लावा आणि दहा मिनिटे वाट न पाहता १०८ ला फोन करा.

पुण्यात बालेवाडीला ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा ७१ देशांची मुले आली होती आणि पदकतालिकेत भारत पहिला होता. अशा संघात गोंदियाचे मूल पोहोचायचे, तर कार्ड लपवून चालणार नाही. अनेक घरांत ते सोयरिकीच्या भीतीने लपवले जाते. दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी कार्ड दाखवायचे असते. मैदानावर ते दाखवायचे ते सराव कसा आखायचा हे प्रशिक्षकाला कळावे म्हणून.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले आहे. बोटाच्या थेंबभर रक्तावर होणारी पहिली चाचणी अनेकदा केवळ दोष आहे की नाही एवढेच सांगते. ‘एएस’ की ‘एसएस’ हे पुढच्या चाचणीत कळते, त्यामुळे पहिल्याच कागदावर खेळाचा निर्णय घेऊ नये.