पाच वस्तू, अडीच तास

महिन्याचा पहिला रविवार होता. तूरडाळ, तेल, साखर, साबण आणि शेंगदाणे, एवढ्या पाचच वस्तू आणायच्या होत्या. खरं तर कोपऱ्यावरच्या वाण्याला फोन केला असता तर त्याच्या मुलाने घरपोच आणून दिल्या असत्या. पण बायपासला ते मोठं दुकान झाल्यापासून गावात ज्याला त्याला तिथेच जायचं असतं. आमच्याकडे सगळे त्याला 'मॉल' म्हणतात. तेलावर ऑफर आहे असं कळलं, तशी मी सासूबाईंना म्हटलं, "चला आई, तुम्हालाही जरा बदल होईल. तासाभरात परत येऊ." तेव्हा साडेतीन वाजले होते. पाच वाजता वस्तीवर बचत गटाची मीटिंग होती. म्हटलं, वेळ भरपूर आहे.

दारातच पहिली रांग. हातातली पिशवी जमा करा, टोकन घ्या. आत गेलो तर मागच्या महिन्यात डाळी होत्या तिथे आता प्लास्टिकचे डबे! डाळ कुठे गेली म्हणून एका मुलाला विचारलं, त्याने नुसतं बोट दाखवलं. शोधत शोधत शेवटच्या ओळीत पोचेपर्यंत ट्रॉलीत बिस्किटांचे दोन पुडे आणि एक पायपुसणं येऊन पडलं होतं. यादीत यातलं काहीच नव्हतं. आपण फिरावं, नजरेला पडावं आणि उचलावं, यासाठीच ही मांडणी असते, हे कळतं. पण कळून वळत नाही!

सुटे शेंगदाणे घेतले, की वजनकाट्यापाशी दुसरी रांग. आणि बिलाची रांग तर विचारूच नका. काउंटर सहा, चालू दोन. आमच्या पुढे अकराजण, प्रत्येकाची ट्रॉली शिगोशीग भरलेली. आईंचे गुडघे दुखायला लागले. बसायला खुर्ची कुठेच नाही. शेवटी तांदळाच्या पोत्यांच्या थप्पीवर टेकल्या, तर रखवालदार म्हणाला, "आजी, तिथे बसू नका."

पाऊण तासाने आमचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने आधी मोबाईल नंबर मागितला. मग पाटीवर १४० रुपये लिहिलेल्या तेलाचे बिलात १६० लागले. विचारलं तर म्हणे, "ऑफर कालच संपली. पाटी काढायची राहिली. तिकडच्या टेबलावर सांगा." त्या टेबलापुढे चौथी रांग! मागून एक गृहस्थ ओरडले, "अहो बाई, वीस रुपयांसाठी किती वेळ घालवताय?" मी गप्प बसले आणि पैसे दिले. त्याचा मला अजून राग येतो. त्या गृहस्थांचा नव्हे, माझाच.

आईंना घरी सोडून वस्तीवर पोचले तेव्हा सहा वाजले होते. रजिस्टर माझ्याकडे, म्हणून बायका तासभर समाजमंदिराच्या पायरीवर बसून होत्या. दोघी वाट पाहून स्वयंपाकाला निघून गेल्या होत्या. मुलीच्या फीसाठी त्यातल्या एकीच्या कर्जाचा विषय त्या दिवशी निघणार होता. ती नाही म्हटल्यावर तो पुढच्या महिन्यावर गेला. दुसऱ्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "ताई, तुमचा बाजार झाला, पण माझा महिना गेला." मला काही उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. वाणी यादी घ्यायचा, माल काढायचा, तोलायचा, बांधून द्यायचा. ती सगळी कामं आता आपण करतो. गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलायचा, ही पद्धत अमेरिकेत मेम्फिस शहरात १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स या दुकानदाराने सुरू केली. दुकानातली ट्रॉली आली १९३७ साली. नोकरांचा खर्च वाचला, माल स्वस्त मिळू लागला, हे खरंच आहे. पण वाचलेलं ते काम कुठे नाहीसं झालं नाही, ते गिऱ्हाइकाच्या अंगावर आलं. आणि घरातलं वाणसामान आणणारी बहुतेक वेळा बाईच असते.

सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. घरासाठीची खरेदीही याच कामात धरतात. वीस रुपये वाचले की आपण सगळ्यांना सांगतो. अडीच तास गेले ते मात्र हिशेबाच्या वहीत कोणी लिहीत नाही. आपणसुद्धा नाही.

पुढच्या वेळी मी बुधवारी सकाळी अकराला गेले. गर्दी नव्हती. तीच मुलगी काउंटरवर होती. सारखी या पायावरून त्या पायावर होत होती. म्हटलं, "बसायला स्टूल नाही का गं?" ती हळूच म्हणाली, "नाही ताई, बसलेलं चालत नाही." रविवारी तिच्यावरच सगळे खेकसत होते! केरळमध्ये कोळिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी याच मागणीसाठी लढा दिला आणि तिथे २०१८ साली दुकानात काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देणारा कायदा झाला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच कायदा केला. काउंटरच्या अलीकडे मी ताटकळत होते आणि पलीकडे ती.

मैत्रिणींनो, त्या दुकानात जाऊच नका असं मी म्हणणार नाही. मीही जाते. पण काही गोष्टी माहीत असू द्या. सुट्टीचा दिवस आणि महिन्याचा पहिला आठवडा टाळा. यादीत पाचच वस्तू असतील तर कोपऱ्यावरचा वाणीच बरा. ऑफरच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पाकिटावर ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापलेला असतो, तो पाहा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही. मोबाईल नंबर दिलाच पाहिजे असा आग्रह दुकानदारांनी धरू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच कळवलं आहे. आणि भाव चुकला तर माझ्यासारख्या गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५.

आमच्या गटातल्या सातजणींनी सह्या करून त्या दुकानाच्या मॅनेजरना पत्र दिलं. मागण्या तीनच. गर्दीच्या दिवशी निदान चार काउंटर चालू ठेवा, म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्च्या ठेवा आणि काउंटरवरच्या मुलींना स्टूल द्या. पंधरा दिवसांनी गेले तर दाराशी दोन खुर्च्या दिसल्या. आई मुद्दाम एकीवर बसून आल्या. रविवारी तीन काउंटर चालू असतात म्हणे.

स्टुलं अजून आलेली नाहीत. दुसरं पत्र लिहून तयार आहे. या वेळी मीटिंग आधी घेतली, त्या मैत्रिणीच्या कर्जाचा विषय पहिला मार्गी लावला आणि मगच पत्रावर सह्या केल्या.