लीकेज मीटर शून्य दाखवतोय? आधी मीटरच तपासा

पावसाळा लागला की गिझर, बोअरची मोटर, ओली भिंत यांच्या तक्रारी वाढतात. वायरमन येतो, लीकेज क्लॅम्प मीटर लावतो, शून्य दिसतं आणि 'काही नाही, चालू ठेवा' म्हणून निघून जातो. पण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो, आणि खरी गोची तिथेच आहे.

घरातला साधा क्लॅम्प मीटर शेकडो अँपिअरसाठी असतो. गळतीचा करंट काही मिलिअँपिअरचा, तो त्याला दिसतच नाही. त्यासाठी वेगळा, संवेदनशील मीटर लागतो. त्याच्या जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र घालायच्या. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतात. जो फरक उरतो, तीच गळती. घरातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी 15 ते 30 च्या दरम्यान पडतो. म्हणजे मीटर पाच-दहाने चुकला तरी निदान फिरलं.

पहिली तपासणी फुकटची: जबडा रिकामा ठेवून आकडा बघायचा. चालू मोटरजवळ किंवा जाड केबलशेजारी धरला तर भलताच आकडा येतो, म्हणून लांब उभं राहावं. जबड्याच्या तोंडांवर धूळ किंवा गंज असेल तर तो नीट मिटत नाही. कोरड्या फडक्याने पुसलं की बरेचदा काम भागतं.

पण रिकाम्या जबड्यावरचं शून्य म्हणजे मीटर जिवंत असल्याचा पुरावा नव्हे. त्याला माहीत असलेला करंट द्यावा लागतो. जुना 12 व्होल्टचा एसी ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि 1200 ओहमचा रेझिस्टन्स त्याच्या आउटपुटला जोडावा. मोबाईलचा चार्जर चालत नाही, त्यातून डीसी येतो. आउटपुटचा व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायचाच, कारण कमी लोडवर तो 12 पेक्षा जास्त निघतो. समजा 14.4 आला, तर 1200 ने भागून 12 मिलिअँपिअर. यातली एकच वायर जबड्यातून न्यायची. मीटरनेही 12 च्या आसपास दाखवायला हवं.

आता तीच वायर जबड्यातून दहा वेळा फिरवायची. आकडा 120 व्हायला हवा. 12 च्या जागी 7 आणि 120 च्या जागी 115 आले, तर शून्यच सरकलंय. 10 आणि 100 आले, तर मोजमापच सरसकट कमी पडतंय. असा मीटर कॅलिब्रेशन लॅबमध्ये पाठवावा, अंदाजाने आकडे वाढवून धरण्याचा जुगाड करू नये. प्रयोगासाठी थेट 230 व्होल्टच्या लाइनला हात लावण्याची गरजच नाही.

ही तपासणी सकाळी कामाला निघताना आणि संध्याकाळी परत आल्यावर, दोन्ही वेळा करावी. मीटर दुपारी हातातून पडला आणि संध्याकाळी 12 च्या जागी शून्य दाखवू लागला, तर त्या दिवशी 'काही नाही' म्हणून सोडलेल्या प्रत्येक घरी पुन्हा जावं लागतं.