लिहिलेले केव्हा उतरते?

संगणकावर आपण पत्र लिहितो, ‘सेव्ह’वर बोट ठेवतो आणि निर्धास्त होतो. यंत्राने तक्रार केली नाही, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरला, अशी आपली समजूत असते. ही समजूत पुष्कळदा खरी नसते. २००९ साली याच समजुतीवरून प्रोग्रॅम लिहिणारे आणि फाइलव्यवस्था रचणारे यांच्यात मोठा वाद झाला. त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे.

कोणती फाइल डिस्कवर कोठे ठेवली आहे, याचा हिशेब राखणारी ती फाइलव्यवस्था. लिनक्सवर बरीच वर्षे एक्स्ट-३ नावाची व्यवस्था प्रचलित होती. डिसेंबर २००८ मध्ये, लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीबरोबर, तिची वारस एक्स्ट-४ वापरास योग्य म्हणून जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात उबुंटूच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी घेणाऱ्या एका गृहस्थाने तक्रार नोंदविली. यंत्राच्या मांडणीत काही फेरफार करून पाहत असता ते एकाएकी बंद पडले होते. पुन्हा सुरू करून पाहतात तो, आदल्या खेपेस प्रोग्रॅमांनी ज्या फाइलींत लिहिले होते, त्यांतल्या बहुतेक शून्य लांबीच्या! नावे जागच्या जागी, आत अक्षर नाही. नवा मजकूर जावा हे समजण्यासारखे आहे. पण येथे जुनाही गेला होता.

असे का व्हावे? डिस्क मंद आणि स्मृती चपळ, म्हणून लिहिलेला मजकूर प्रथम स्मृतीत राहतो आणि सवडीने डिस्कवर जातो. मध्येच वीज गेली, की स्मृती सारे विसरते. निदान हिशेबाचा तरी घोळ होऊ नये, म्हणून या व्यवस्था जर्नल ठेवतात. आपल्या व्यापाऱ्यांची रोजकीर्द म्हणा ना! फाइलीचे नाव बदलले, जागा बदलली, की आधी कीर्दीत नोंद आणि मग खतावणीत. मात्र कीर्दीत नोंद होते ती मालाची. खुद्द माल, म्हणजे मजकूर, तेथे नसतो. म्हणून एक्स्ट-३ चा नेहमीचा शिरस्ता असा होता की, वखारीत माल पडल्यावाचून त्याची कीर्द बंद करावयाची नाही. कीर्द बंद होई दर ५ सेकंदांनी. तेव्हा नुकसान झालेच, तर साधारण तेवढ्याच वेळातल्या कामाचे.

एक्स्ट-४ ने माल वखारीत कोठे ठेवावयाचा, हा निर्णयच लांबणीवर टाकला. यात आळस नव्हता. सारा माल येईपर्यंत थांबले, तर एका फाइलीला सलग जागा देता येते. आणि जी फाइल क्षणात लिहून क्षणात पुसली जाते, तिच्यासाठी डिस्कला हातही लावावा लागत नाही. एक्सएफएस या व्यवस्थेत ही युक्ती त्याआधी कित्येक वर्षे रूढ होती. पण आता मजकूर अर्धा मिनिट, कधी त्याहूनही अधिक, स्मृतीतच राहू लागला. जुना शिरस्ता कायम होता. फक्त ज्याला अजून जागाच नेमून दिली नाही, तो माल हिशेबातच धरला जात नव्हता. मेख होती ती येथे.

याचा फटका सावध प्रोग्रॅमांनाही बसला, हे विशेष. जुन्या फाइलीला हात न लावता शेजारी नवी फाइल लिहावयाची, आणि ती पुरी झाली की तिला जुनीचे नाव द्यावयाचे, अशी त्यांची रीत. नाव बदलल्याची नोंद कीर्दीत ५ सेकंदांत पक्की होई. नव्या फाइलीचा मजकूर मात्र अजून स्मृतीतच! मध्ये वीज गेली, तर नाव रिकाम्या फाइलीकडे बोट दाखवी, आणि जुनीची जागा तोवर मोकळी झालेली असे.

एक्स्ट-४ चे प्रमुख रचनाकार थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे की, पोसिक्स या मानकाने असे अभय कोणालाच दिलेले नाही. ज्याला मजकूर डिस्कवर हवाच असेल, त्याने ‘एफ-सिंक’ ही आज्ञा द्यावी. कायद्याच्या अक्षराने पाहता ही बाजू बिनतोड आहे. पण ही आज्ञा लोक का टाळीत होते? एक्स्ट-३ मध्ये एका फाइलीसाठी ती दिली, की साचलेला इतरही मजकूर बाहेर काढावा लागे. २००८ साली फायरफॉक्स-३ लिनक्सवर मध्येच अडखळू लागला, तो याच पायी. तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची सवय एक्स्ट-३ नेच बिघडविली होती, असे मला वाटते. धाकट्या भावाने पुढे त्यांना एकदम नियम दाखवावा, हे जरा कठोरच.

तोड मात्र त्सो यांनीच लिहिली, आणि ती अगदी लहान आहे. एखादी फाइल दुसरीचे नाव घेऊन तिची जागा घेऊ लागली, किंवा रिकामी करून पुन्हा लिहिलेली फाइल बंद झाली, की तिच्या मालाला ताबडतोब जागा नेमावयाची. मग जुना शिरस्ता आपोआप लागू होतो. बाकी फाइलींची ढिलाई, आणि तिच्यातून मिळणारा वेग, तसाच राहिला. जून २००९ मध्ये २.६.३० या आवृत्तीतून ही दुरुस्ती सर्वांकडे पोहोचली, आणि कोणी मुद्दाम बंद केली नाही तर ती चालूच असते.

तिने सगळे संकट टळले असे मात्र नाही. फाइल आधी रिकामी करून मग लिहिण्यात मधला एक धोक्याचा क्षण उरतोच. आणि अगदी प्रथमच लिहिलेल्या फाइलीला हे संरक्षण नाही. २०१० च्या अखेरीस अँड्रॉइडचे काही फोन एक्स्ट-४ वर आले, तेव्हा गूगलने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पुन्हा बजावले, की महत्त्वाचा मजकूर असेल तर नाव बदलण्यापूर्वी एफ-सिंक करा. डिस्ककडून होकार येईपर्यंत प्रोग्रॅमने तेथे थांबावयाचे असते.