चहाचे मूलस्थान आणि अवरक्त वर्णपटाची साक्ष

दार्जिलिंगच्या डोंगरउतारांवर जेवढा चहा पिकतो त्याहून कितीतरी अधिक चहा त्या नावाने जगाच्या बाजारात विकला जातो, ही तक्रार जुनी आहे. २००४ साली या नावास भारतातील पहिले भौगोलिक मानांकन लाभले आणि त्याचा वापर ठरावीक डोंगराळ क्षेत्रातील नोंदलेल्या मळ्यांपुरता मर्यादित झाला. तथापि पेटीवरील नाव खरे की खोटे, हे पेटीतील पानावरून कसे ठरवावयाचे? चव घेणाऱ्या तज्ज्ञाची जीभ हे थोर साधन खरे. परंतु तिच्या निर्णयाची कारणे दुसऱ्यास तपासून पाहता येत नाहीत.

या कामी अवरक्त किरणांचा उपयोग केला जातो. १८०० साली विल्यम हर्शेल याने सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला, तेव्हा या अदृश्य किरणांचा शोध लागला. रेणूंतील बंध सतत कंप पावत असतात व आपापल्या कंपनाला अनुरूप तेवढाच प्रकाश शोषून घेतात. ७८० ते २५०० नॅनोमीटर या निकट-अवरक्त पट्ट्यात मुख्यतः हायड्रोजनाचे ऑक्सिजन, कार्बन व नायट्रोजन यांच्याशी असलेले बंध बोलतात. तेही मूळ स्वरात नव्हे, तर तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे स्वर उमटावेत तसे. चहाची पूड वाटीत ठेवली की मिनिटाभरात वर्णपट हाती येतो आणि नमुना जसाच्या तसा राहतो. मात्र कॅफीन, पॉलिफेनॉले, अमिनो आम्ले या साऱ्यांचे पट्टे रुंद व एकमेकांत मिसळलेले असतात. त्यातच १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपास पाण्याचे शोषण इतके प्रबळ असते की नमुन्यांतील ओलावा सारखा नसेल तर पुढचे सारे गणित चुकते.

तेव्हा ‘दार्जिलिंग’ असे सांगणारी एखादी रेषा वर्णपटात शोधणे व्यर्थ होय. बोलणाऱ्याचा मुलूख एका शब्दावरून ओळखता येत नाही. स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्व, क्रियापदांचे प्रत्यय, हेल हे सर्व मिळून तो ओळखला जातो. येथेही शेकडो तरंगलांबींवरील शोषणांचा एकत्र विचार करून प्रमुख घटक विश्लेषणासारख्या संख्याशास्त्रीय रीतींनी अज्ञात नमुन्याची ज्ञात नमुन्यांशी तुलना केली जाते. म्हणजेच यंत्र स्थान ओळखत नाही, साम्य ओळखते. हा भेद लहान नाही.

पानाच्या रसायनात भूमी व हवामान यांचा वाटा असतो, तसाच झुडपाची जात, खुडणीचा हंगाम व कारखान्यातील प्रक्रिया यांचाही असतो. एकाच मळ्याचा वसंतातील व पावसाळ्यातील चहा परस्परांहून बराच भिन्न असतो. संग्रहातील दार्जिलिंगचे नमुने वसंतातले आणि आसामचे पावसाळ्यातले असतील, तर यंत्र ऋतू शिकते आणि आपण त्याला प्रदेश समजतो. शिवाय एकाच मळ्याच्या एकाच खुडणीतले काही नमुने शिकवण्यास व उरलेले परीक्षेस वापरले, तर यशाचे प्रमाण उगाच फुगते. परीक्षेचे मळे व वर्षे दोन्ही नवीन हवीत.

आसामच्या मोठ्या पानाच्या जातीपासून दार्जिलिंगचा चहा वेगळा काढणे त्या मानाने सोपे. खरी कसोटी सीमेपलीकडे, नेपाळातील इलाम येथे लागते. झुडपे बहुतांशी तशीच लहान पानांची, उंची व पाऊस मिळताजुळता, प्रक्रियाही तीच. कायद्याची रेषा दोहोंमधून जाते. रसायनाची तशी जाईलच असे नाही. आसामविरुद्ध मिळवलेले यश इलामबाबत पुरावा म्हणून पुढे करणे म्हणूनच सर्वस्वी गैर आहे. दोनच प्रदेश शिकलेल्या यंत्रापुढे निलगिरीचा चहा ठेवला, तर तेही त्या दोहोंपैकी एकाचे नाव देऊन मोकळे होते!

चुकीचा निर्णय दोन्हीकडून महाग पडतो: प्रामाणिक मळ्याची पेटी अडते, किंवा उतारावर पाने खुडणाऱ्यांच्या श्रमावर उभे राहिलेले नाव दुसऱ्याच्या मालावर चढते. यास्तव अवरक्त परीक्षा पहिल्या चाळणीसारखी वापरावी. तीत संशयित ठरलेल्या मोजक्या पेट्या मग लेशमात्र मूलद्रव्यांच्या व समस्थानिकांच्या परीक्षेकडे पाठवाव्यात. ती खर्चिक व संथ असली तरी मातीशी व पावसाच्या पाण्याशी तिचा संबंध अधिक निकटचा आहे.