सिग्नलवर तापणारे इंजिन

वाहतूक कोंडीत गाडी उभी असताना तापमानाचा काटा चढत असेल आणि रस्ता मोकळा होताच उतरत असेल, तर पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीत समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. उभ्या गाडीत ते काम पंख्यालाच करावे लागते. एसी लावताच बहुतेक गाड्यांत पंखा फिरतो. तो न फिरल्यास फ्यूज, रिले व मोटर तपासावी. एसीवर फिरूनही इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर दोष बहुधा तापमान सेन्सरचा असतो. काटा लाल खुणेजवळ गेल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. अन्यथा हेड गॅस्केटचा मोठा खर्च ओढवतो. मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी अंगावर उसळते.