‘पिक्चर कसा होता?’ – आधी कोण बोललं?

होस्टेलवर दोन प्रश्न रोज विचारले जातात. पहिला, “मेसमध्ये आज काय?” आणि दुसरा, “पिक्चर कसा होता रे?” पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर आपण छाती ठोकून देतो खरं, पण ते कितपत आपलं असतं? पिक्चरच्या जागी वेब सीरिज घ्या, टीव्हीवरची मालिका घ्या, नाहीतर हॅरी पॉटरसारखं पुस्तक घ्या, मुद्दा तोच.

नेहमीचं दृश्य बघा. पाच जण थिएटरमधून बाहेर पडतात. पार्किंगपर्यंत कुणी काही बोलत नाही. मग ग्रुपमधला जरा वजनदार गडी म्हणतो, “बकवास!” दुसरा म्हणतो, “पैसे वाया.” तिसरा, चौथा माना डोलावतात. पाचवा मघाशी अंधारात खो खो हसत होता, तोही म्हणतो, “हो ना, ठीकच होता.” तो खोटं बोलतोय का? दरवेळी नाही. अनेकदा त्याला खरंच तसं वाटायला लागलेलं असतं. हे का होतं, यावर माणसांनी चक्क प्रयोग केले आहेत.

रेघ कोणती मोठी?

१९५०च्या दशकात सॉलोमन अॅश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी कोणती, एवढंच सांगायचं. एकट्यानं सोडवलं तर शंभरात एखादं उत्तरही चुकत नसे. पण खोलीत बसलेल्या सात-आठ विद्यार्थ्यांपैकी खरा बकरा एकच होता. बाकीचे आधी ठरवून, ठरावीक वेळी, एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे. अशा वेळी बकऱ्यांची सुमारे ३७ टक्के उत्तरं बाकीच्यांच्या मागे जाऊन चुकली. सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी घसरले.

याच प्रयोगाचे पुढचे दोन भाग फारसे कुणी सांगत नाही, पण आपल्या कामाचे तेच आहेत. खोलीतल्या आणखी एकानं खरं उत्तर दिलं, तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास यायचं. आणि बकऱ्यानं उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहिलं, तर सुमारे साडेबारा टक्क्यांवर.

आता विचार करा. रेघेला निदान स्केल लावता येते. पिक्चरला कोणती स्केल लावणार?

शंभर शहाणे, तरी चुकीचा पिक्चर

म्हणजे घाबरट माणसंच दुसऱ्याच्या मागे जातात असं समजू नका. अगदी हिशेबी माणसंही जातात. मुंबईत जन्मलेले आणि २०१९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी यांनी १९९२च्या एका शोधनिबंधात हे गणितानं दाखवलं. त्यांच्या उदाहरणात शेजारी शेजारी दोन हॉटेलं आहेत. आपण सोयीसाठी दोन पिक्चर घेऊ, ‘अ’ आणि ‘ब’.

सर्वसाधारण समज असा, की ‘अ’ चांगला असण्याची शक्यता ५१ टक्के आणि ‘ब’ची ४९. शिवाय शंभर मुलांपैकी प्रत्येकाकडे स्वतःची अशी एकेक खबर आहे, आणि सगळ्या खबरी सारख्याच भरवशाच्या. ९९ जणांची खबर म्हणते ‘ब’ चांगला. एकाचीच म्हणते ‘अ’. पण नेमका तोच रांगेत पहिला! तो ‘अ’चं तिकीट काढतो.

दुसऱ्याची स्वतःची खबर ‘ब’ची आहे. पण पहिल्याची ‘अ’ची असणार, हे त्याला कळतं. दोन्ही खबरी एकमेकींना खोडतात. उरतं काय? ५१ विरुद्ध ४९. म्हणून तोही ‘अ’. तिसऱ्याला माहीत आहे, की दुसरा त्या परिस्थितीत तसाही ‘अ’लाच गेला असता, म्हणजे त्याच्याकडून नवीन काही कळलं नाही. तिसऱ्याचा हिशेब दुसऱ्यासारखाच होतो. असं करत शंभरच्या शंभर ‘अ’च्या हॉलमध्ये आणि ‘ब’ रिकामा. कुणीही मूर्खपणा केला नाही. फक्त ९९ जणांच्या खिशातली खबर खिशातच राहिली.

ए विंग, सी विंग

हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेत सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी २००६मध्ये एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडांची ४८ गाणी, १४ हजारांवर श्रोते. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं होतं; आपल्या जगात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, हे त्यांना दिसत असे. सुरुवात सगळीकडे शून्यापासून.

निकाल गमतीदार होता. स्वतंत्रपणे ऐकणाऱ्यांमध्ये २६वं आलेलं एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्यात ४०वं! अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टाकाऊ सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. ए विंगमध्ये जी सीरिज रात्र रात्र जागून बघतात, तिचं सी विंगला नावही माहीत नसतं, ते असंच.

आपल्या भाषेत याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर नेला की कुईऽऽ होतं ना, तेच. बारीकसा आवाज फिरून फिरून आत येतो आणि मोठा होतो. पार्किंगमधला पहिला ‘बकवास’ हा तो बारीक आवाज.

मग मित्रांचं ऐकायचंच नाही?

असं कोण म्हणतंय? ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला तेव्हा सुरुवातीचा प्रतिसाद थंडच होता. पुढे पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितलं आणि तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षांहून अधिक काळ चालला. मित्राचं मत हे उपयोगी यंत्र आहे, फक्त ते कॅलिब्रेट करून घ्यावं लागतं. वर्कशॉपमधल्या व्हर्निअरला झीरो एरर असला तर आपण तो फेकून देतो का? एरर वजा करतो आणि रीडिंग घेतो. तसंच, ज्याला सगळंच ‘लय भारी’ वाटतं त्याच्या मतातून थोडं कमी करा. ज्याला सगळंच फालतू वाटतं त्याच्यात थोडं वाढवा. तुमच्याशी कायम उलट मत असणारा मित्र तर सोन्याहून पिवळा. त्याला आवडलं नाही म्हणजे तिकीट काढा! कामाचा नाही तो फक्त, जो समोरचा पाहून मत बदलतो. त्याचं रीडिंग दरवेळी हलतं.

दुसरी काळजी, मोजतोय काय ते ठरवून घ्यायची. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. स्टाफरूममध्ये कुणाला दूरदर्शनवरची सुमीत राघवनची मालिका आठवते, आपल्याला २०१७चा अमेय वाघचा सिनेमा, आणि एखाद्यानं शाळेत पुस्तकं वाचलेली असतात. पुस्तकातला बनेश फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. सिनेमातला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण. तिघं ‘फाफे कसा?’ यावर तासभर भांडतील, पण तिघांच्या मनात तीन वेगळे फेणे आहेत. “कसा होता?” ऐवजी “तुला त्यातलं काय आवडलं?” विचारलं, की भांडण संपतं आणि गप्पा सुरू होतात.

एवढं करून बघा

पुढच्या वेळी कॉमन रूममध्ये पिक्चर संपला की लगेच बोलू नका. प्रत्येकानं चिठ्ठीवर दहापैकी मार्क आणि एक कारण लिहायचं. मग चिठ्ठ्या उघडायच्या. बोलायची सुरुवात ज्युनिअरनं करायची, सिनिअरनं शेवटी. आणि मार्क सर्वांत वेगळे देणाऱ्याला आधी ऐकायचं, टर न उडवता. चिठ्ठी वाचून मत बदललं तर खुशाल बदला. पण आधी ते असू तर द्या.

यात एवढं काय अडलंय, असं वाटेल. अडतं ते असं. फर्स्ट इयरला तालुक्याच्या गावाहून आलेला पोरगा मराठी कादंबरी घेऊन येतो. रूममध्ये सगळे इंग्रजी आणि कोरियन सीरिजवर बोलतात. दोनदा हसू झालं की ते पुस्तक गादीखाली जातं आणि तो मान डोलवायला शिकतो. फायनल इयरला प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये त्याला सर्किटमधली चूक दिसते, पण बाकीचे चौघं ‘बरोबर आहे’ म्हणतात, म्हणून तो गप्प बसतो. सवय तीच, फक्त आता नुकसान मोठं.

अॅशच्या खोलीत एक माणूस खरं बोलला, की दुसऱ्याला बळ यायचं. होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर तसा एक जण पुरेसा आहे. तेव्हा मंडळी, सगळे ‘बकवास’ म्हणत असताना तुम्हाला आवडला असेल, तर बिनधास्त म्हणा, “मला तर आवडला बुवा.” बघा, कोपऱ्यातून अजून एक आवाज येतो की नाही.