विद्युत् सिगारेटची द्रवटाकी
विद्युत् सिगारेट किंवा ई-सिगारेट या साधनातील द्रव साठविणारा व त्याचे बाष्पीभवन घडवून आणणारा भाग. या साधनात तंबाखू जळत नाही. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन व स्वादद्रव्ये यांचे मिश्रण टाकीत असते. ते वातीतून केशाकर्षणाने तारेच्या वेटोळ्यापाशी येते, तार विद्युत् घटावर तापते आणि ओढलेल्या हवेत बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात [⟶ केशाकर्षण, निकोटीन].

अमेरिकेतील हर्बर्ट ए. गिल्बर्ट यांना १९६५ मध्ये तंबाखूविरहित सिगारेटचे एकस्व मिळाले होते. परंतु तिचा प्रसार झाला नाही. आजच्या साधनाचे श्रेय सामान्यतः चिनी औषधनिर्माते होन लिक यांना दिले जाते. सुरुवातीच्या अनेक प्रकारांत द्रव पॉलिएस्टर तंतूंच्या बोळ्यात मुरविलेला असे व तो किती उरला हे दिसत नसे. पारदर्शक टाकीमुळे ही गैरसोय दूर झाली.

टाकीच्या रचनेतील मूळ अडचण वातीची आहे. वात ओली असेतो तारेचे तापमान द्रवाच्या उत्कलनबिंदूच्या आसपास राहते (प्रोपिलीन ग्लायकॉलाचा १८८° से., ग्लिसरिनाचा २९०° से.). द्रवाचा पुरवठा बाष्पीभवनापेक्षा मंद झाला, की वात कोरडी पडते, तापमान झपाट्याने वाढते आणि द्रवाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखी घातक द्रव्ये निर्माण होतात. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना ३.३ व्होल्टला न आढळलेली फॉर्माल्डिहाइडजन्य संयुगे ५ व्होल्टला आढळली. करपलेल्या वातीची उग्र चव वापरणारा सहनच करणार नाही, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. तो रास्त असला, तरी वात अर्धवट सुकलेली असताना चव नेहमीच इशारा देईल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

जुन्या टाक्यांत वेटोळे वर असून वाती खाली लोंबत. द्रवाची पातळी उतरली, की त्या कोरड्या पडत. म्हणून वेटोळे तळाशी नेण्यात आले व सिलिका दोऱ्यांऐवजी कापूस वापरात आला. मात्र त्यामुळे तळच्या हवेच्या छिद्रांतून द्रव गळू लागला. हवा वरून आत घेणाऱ्या टाक्या हा त्यावरचा उपाय होय. दालचिनी किंवा लिंबूवर्गीय स्वादद्रव्यांनी काही प्लॅस्टिकांना तडे जातात. तेथे बोरोसिलिकेट काच टिकते. निकेल, टिटॅनियम किंवा अगंज पोलाद यांच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढत असल्याने त्यावरून तापमान ताडून विद्युत् प्रवाह आवरता येतो.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत, बाटलीतील मूळ द्रवापेक्षा टाकीतील द्रवात व बाष्पात शिसे, क्रोमियम, निकेल यांचे प्रमाण पुष्कळ जास्त आढळले. याचा अर्थ धातू साधनातूनच येतो. तारेची निवड व डाखजोड यांना म्हणूनच महत्त्व आहे.

निगा साधी, पण टाळली जाणारी आहे. गोड द्रवातील सुक्रॅलोज वेटोळ्यावर काळी खपली धरते. असे वेटोळे बदलावेच लागते. नवे वेटोळे बसविल्यावर वात पूर्ण भिजेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. टाकी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवितात व सिलिकोनाची कडी झिजली असल्यास बदलतात. विमानात हवेचा दाब घटून टाकीतील हवा प्रसरण पावते व द्रव बाहेर ढकलला जातो. निकोटीन त्वचेतूनही शोषले जात असल्याने गळती ही केवळ अस्वच्छता नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तर ती गंभीर विषबाधेचे कारण ठरू शकते.

यूरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार टाकीची धारकता २ मिलि. व निकोटिनाचे प्रमाण दर मिलि.स २० मिग्रॅ. यांहून अधिक असता कामा नये. टाकी भरताना द्रव सांडू नये यासाठी बाटलीची चोच किमान ९ मिमी. लांब असावी व तीमधून मिनिटास २० पेक्षा जास्त थेंब पडू नयेत, असेही २०१६ मध्ये ठरविण्यात आले. भारतात २०१९ च्या अधिनियमाने ई-सिगारेटचे व तिच्या भागांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि केवळ साठवणीस सहा महिन्यांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा त्यात आहे.